तिसरं चाक लावल्यावर

माझी गाडी आता स्टँडशिवाय उभी राहते. रस्त्यात बंद केली, दोन्ही हात सोडले, खिशातून चष्मा काढून सदऱ्याने पुसला, तरी ती जागची हलत नाही. सोनाळ्यातली माणसं ओट्यावरून तिच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "बरं झालं साहेब, आता पडाचं भेव नाही." मी हो म्हणतो. नुसतं हो म्हणून पुढे जायची सवय मला साठीनंतर लागली. त्याआधी मी प्रत्येकाला उत्तर देत असे, आणि ते बहुतेक वेळा लागेल असंच असे.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. सरकारी कागदावर माझ्या पदाचं नाव व्रणोपचारक. हे नाव आमच्या कार्यालयातल्या बाबूलाही एका दमात म्हणता येत नव्हतं, म्हणून गावोगाव मी 'ढोरायचा डॉक्टर' झालो. डॉक्टर मी नव्हतोच. जखमा धुवायच्या, अळ्या काढायच्या, मलम लावून पट्टी बांधायची, आणि खरे डॉक्टर सुई टोचत असले की बैलाची शिंगं धरून उभं राहायचं, एवढंच माझं काम. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये रात्री-बेरात्री, पांदणीतून, चिखलातून पोचायचो तो मीच. डॉक्टरांकडे जीप होती आणि जीप पांदणीत शिरत नसे. माझी मोटारसायकल शिरायची. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांपैकी एक धरायची आणि डोळे मिटून जायचं, इतका रस्ता अंगात मुरला होता.

त्या गाडीवर मी एकटा जेवढा फिरलो, जवळजवळ तेवढाच बायकोला मागे बसवून फिरलो. याला कारण होतं. आमच्या घरात तीन खोल्या आणि अकरा माणसं. माझी आई, दोन भाऊ, भावजया, त्यांची लेकरं. नवराबायकोने आपसात दोन वाक्यं बोलली तर तिसरं वाक्य आई बोलायची. तेव्हा बायकोला माझ्याशी काही बोलायचं असलं की ती काम काढायची. ब्लाउज शिवायला टाकायचा आहे, मिरच्या संग्रामपूरला स्वस्त आहेत, मावशीला बरं नाही. मी गाडी काढायचो, ती एका बाजूने बसायची, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवायची, आणि वेस ओलांडली की बोलायला सुरुवात करायची. मुलीचं नाव काय ठेवायचं ते गाडीवर ठरलं. वेगळं राहायचं तेही गाडीवरच ठरलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडणही मी समोर रस्त्याकडे बघतच केलं, कारण मान वळवली असती तर आम्ही दोघंही नाल्यात गेलो असतो.

ज्याने बायकोला मागे बसवून वर्षानुवर्षं दुचाकी चालवली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. मागच्या माणसाचं सगळं पुढच्याला समजतं. तिने पदर सारखा केला, कुणाचा कापूस कसा आला हे पाहायला मान वळवली, पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली, की माझ्या कमरेला ते आधी समजायचं. वळण आलं की आम्ही दोघंही एकदम कलायचो. तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवीन नवीन ती उलट्या बाजूला अंग चोरायची आणि मी खेकसायचो, मग कधी तरी खेकसायचं बंद झालं. ते नेमकं कधी, हे मी त्या वेळी लक्षातही घेतलं नाही.

माझा पाय गेला तो माझ्याच शहाणपणामुळे. निवृत्त झालो तरी लोक बोलवायला यायचे आणि मी जायचो. गाडी मी कायम चप्पल घालूनच चालवली. गिअर टाकून टाकून डाव्या अंगठ्यावर घट्टा पडला होता, तो एका उन्हाळ्यात फाटला. साखर होती मला, पण साखर आहे म्हणजे गोड कमी खायचं, यापुढे माझी अक्कल गेली नव्हती. अंगठा दुखत नव्हता. दुखत नाही म्हणजे बरा होतो आहे असं मी धरून चाललो. तीस वर्षं मी खुरकुतीच्या जखमा बऱ्या केल्या होत्या, मग माझ्या अंगठ्याची काय मजाल. लाल औषधाच्या पाण्याने धुतलं, जनावरांचं मलम लावलं, नीट पट्टी बांधली. पट्टी फार सुरेख बांधायचो मी.

बायकोने वास आल्यावर विचारलं, "काय लावून राह्यले तुमी त्याले?"

"बैलाचं मलम. तीन दिवसात फरक पडते."

"तुमी ढोर आहा का? मानसाच्या दवाखान्यात चाला."

मी हसलो. घरी आलेल्यांना तिचं बोलणं रंगवून सांगितलं, तेही हसले. अकोल्याला नेलं तेव्हा अंगठा काळा होता आणि काळं पोटरीपर्यंत आलं होतं. डाव्या गुडघ्याखाली चार बोटं सोडून पाय काढला. शुद्धीवर आलो तेव्हा ती पलंगाशी बसली होती. मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "चहा आनू का?" ते वाक्य मला अजून टोचतं. तिने बोल लावला असता तर बरं झालं असतं.

नकली पाय बसवला. चालायला जमू लागलं, पण गाडी जमेना. नकली पायाला गिअर कळत नाही, आणि थांबताना डावा पाय टेकवला की तो टेकला आहे की नाही हे मला खाली पाहून ठरवावं लागे. पाहीपर्यंत गाडी आडवी व्हायची. आमच्याच अंगणात चारदा पडलो. चौथ्या वेळी बायकोने चावी काढून घेतली आणि मिठाच्या बरणीत टाकली. मला ती बरणी माहीत होती, तिलाही ते माहीत होतं, तरी मी ती उघडली नाही.

संग्रामपूरला एक मिस्त्री आहेत. वयाने माझ्याएवढे, मुसलमान, त्यांच्या वडिलांपासून वेल्डिंगचं काम. त्यांच्या म्हशीची कास एकदा मी बरी केली होती, तेव्हापासून ओळख. ते स्वतःच घरी आले, गाडीभोवती दोनदा फिरले, खाली बसून चेनीला बोट लावलं.

"लोकं स्कूटरले बाजूनं दोन लहान चाकं लावतेत," ते म्हणाले. "ते मले पसंत नाही. तुमची गाडी हीच राहीन. मांगचं चाक काढतो, भंगारातल्या ऑटोचा धुरा बसवतो. मांगं दोन, पुढं एक. गिअर हातात देतो."

"चालन का?"

"धावन, भाऊ. पन तुमी आधी चालवणं भुला."

तेव्हा मला ते बोलणं मिस्त्री लोकांच्या फुशारकीचं वाटलं. महिन्याभराने गाडी आली. तीच टाकी, तेच हँडल, तोच फुटका आरसा. डाव्या हाताशी लोखंडी दांडा, त्याला वर काळा गोळा, तो पुढे-मागे केला की गिअर पडायचा. मागे दोन चाकं, आणि त्यांच्या वर मिस्त्रींनी मोठ्या हौसेने बनवलेली सीट. जाड फोम, पाठीला टेका, दोन्ही बाजूंना पाइपाचे हात. "भाभीसाठी," ते म्हणाले. "बिनघोर बसतीन. काही धराचं काम नाही."

बायकोने सीटवर हात फिरवला आणि चांगली झाली म्हणाली. आत जाऊन मिस्त्रींसाठी पोहे केले.

शिकायला मी शाळेच्या मैदानावर जायचो, शाळा सुटल्यावर. पहिल्याच दिवशी कळलं की मिस्त्री फुशारकी मारत नव्हते. दुचाकीचं वळण माणूस अंगाने घेतो. मनात आलं डावीकडे, की खांदा जातो, कंबर जाते, गाडी मागोमाग जाते. हाताला काही करावं लागत नाही. या गाडीवर मी कलायचो आणि गाडी सरळ. मी आणखी कलायचो, गाडी आणखी सरळ. तिला वळवायचं तर अंग ताठ ठेवून हँडल ओढावं लागतं, बैलाची वेसण ओढावी तसं. डोक्याला हे पाच मिनिटांत समजलं. अंगाला समजेना. त्यात थांबताना चांगला पाय खाली टेकवायची खोड. टेकवला की मागचं चाक त्याच पायावर चढायचं. असा मी उरलेला पायही दोनदा स्वतःच्या चाकाखाली घेतला. पाहणारे हसायचे. मीही हसायचो, पण घरी येऊन कुणाशी बोलत नसे.

तीन आठवड्यांनी जमलं. म्हणजे जमलं असं मला वाटलं.

टुणकीला नात्यात बारसं होतं. मी म्हटलं, चल. ती आत गेली, नवी साडी नेसून आली, मागे बसली. एका बाजूने बसायला आता जागा नव्हती, तिकडे चाक होतं, तेव्हा ती पायरीवर पाय देऊन सरळ पुढे तोंड करून बसली, खुर्चीत बसावं तशी. हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. आधी माझ्या खांद्याकडे आणला, पण सीट लांब होती, वाकावं लागत होतं. मग दोन्ही हात पाइपांवर ठेवले. मी आरशात पाहत होतो. फुटक्या आरशात ती अर्धीच दिसत होती.

वेस ओलांडली आणि ती बोलायला लागली. पाळण्याला काय नेलं आहे, कुणाशी बोलायचं नाही, मागच्या वेळी कोण कसं वागलं. मला इतकं बरं वाटलं की मी विसरलो. पायच गेला होता हे विसरलो, मग गाडी बदलली हे कसं आठवणार? नाल्याच्या अलीकडे उजवं वळण आहे. त्या वळणावर मी हजार वेळा गेलो असेन. मी उजवीकडे कललो. मागे तीही कलली. आम्ही दोघंही अगदी झकास कललो, आणि गाडी सरळ जाऊन रस्त्याच्या उतारावरून तुरीच्या शेतात शिरली. पुढचं चाक ढेकळात रुतलं, गाडी डावीकडे उलटली. नकली पाय निघून बाजूला पडला आणि मांडी गाडीखाली आली.

तिचं मनगट मोडलं होतं. हे मला नंतर समजलं, कारण त्याच हाताने ती गाडी उचलत होती. गाडी हलत नव्हती. मग ती रस्त्यावर धावली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुणी नाही. परत माझ्याकडे आली. परत रस्त्यावर. भर दुपार होती. मी तिला म्हणत होतो, काही झालं नाही, बस खाली. ती ऐकत नव्हती. अर्धा तास ती अशी येत-जात राहिली, मग एक बैलगाडीवाला आला आणि त्याने एका हिसक्यात गाडी सरळ केली.

त्यानंतर ती माझ्या मागे बसली नाही.

मनगटाचं प्लास्टर निघालं, तरी नाही. बाजाराला ती ऑटोने जाऊ लागली. मीही निघायचो, मलाही काम असायचंच, नसलं तर मी काढायचो. पुढे तिचा ऑटो, मागे माझी तीन चाकं, आणि माझ्यामागे ते जाड फोमचं रिकामं सिंहासन. ऑटोवाला ओळखीचा. आरशात मला पाहून हॉर्न वाजवायचा. संग्रामपूरला उतरल्यावर ती माझ्या हाती पिशवी द्यायची, "जड आहे, गाडीवर टाका," आणि परत ऑटोत जाऊन बसायची. भाजीला माझी गाडी चालत होती.

मी भले-बुरे सगळे टोमणे मारले. "सायबीन झाली तू, ऑटोबिगर पाय निघत नाही." ती ऐकून घ्यायची. मी दोन दोन दिवस अबोला धरला. मला वाटायचं, तिचा माझ्यावरचा भरवसा उडाला. लंगडा माणूस, त्याच्या मागे कोण बसेल? हे मी तिला एकदा बोलूनही दाखवलं. हिवाळा होता, ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"आपन दोघंही पडलो तं कोनाले मालूम पडन?" ती म्हणाली. "मी घरी असली तं उशीर झाला म्हनून कोनाले तरी धाडीन."

"मी काय रोज पडतो?"

"नाही पडत. एकटे असले तं तुमी हातानं चालवता. मी मांगं बसली की आंगानं चालवता. मले दिसलं ना त्या दिवशी."

तिने दोन शेंगा आणखी सोलल्या आणि म्हणाली, "मले भेव वाटत नाही. माह्यानं तुमी पडता, हे मले नाही सोसत."

हे ऐकल्यावर माझं एकच काम उरलं. तिला मागे बसवायचं, तर मागे वजन असताना न कलता गाडी चालवायला शिकायचं. मी जनावरांना घालायच्या सरकीच्या ढेपेचं पोतं आणलं. साधारण तिच्याच वजनाचं, दोरीने सीटला बांधलं आणि रोज सकाळी टुणकीच्या वाटेला लागलो. पोत्याशी बोलायचोही, कारण बोलताना अंग जास्त दगा देतं हे मला कळलं होतं. लोकांना आयतीच करमणूक. "साहेब, वयनीच्या जागी ढेप आनली का?" एकाने तर पोत्याला नमस्कार केला. मी चिडलो नाही. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे, त्यांना हे खरं वाटणार नाही. त्या वळणावर मी हँडल ओढायचो, पाठ खांबासारखी ताठ, आणि पार गेल्यावर पोत्याला सांगायचो, पाहिलं?

महिन्याने तिला सांगितलं, "आता मी कलत नाही."

"पोत्यासंगं नाही कलत," ती म्हणाली. "पोत्याचं काय, त्याले बोलता येत नाही." आणि हसली. पण बसली नाही. बसेन म्हणाली, पाहू म्हणाली. मीही जोर केला नाही. ती हसली होती, तेवढ्यावर माझे बरेच दिवस निघाले.

चैत्रातली गोष्ट. सकाळपासून ती गप्प होती. स्वयंपाक केला, पण जेवली नाही. म्हणाली, छाती भरल्यासारखी वाटते, पाठीत चमक येते. तिने ओवा खाल्ला, गरम पाणी प्यायली. मी म्हटलं, वात असेल. पुन्हा तोच शहाणपणा. अकराच्या सुमाराला तिला घाम फुटला, पंख्याखाली बसलेली असताना. तेव्हा मी फोन केला. ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन शेगावला गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. बाजाराचा दिवस, गावात एक ऑटो नव्हता. मी शेजारी जीपवाल्याकडे जायला निघालो, तो कालच लग्नाला गेला होता. परत आलो तर ती ओट्यावर येऊन उभी होती, चपला घालून.

"काढा तुमची गाडी," ती म्हणाली.

आता जे लिहायचं आहे ते लिहायचं मी बरेच महिने टाळतो आहे. मला आनंद झाला. तिला घाम आला होता, चेहरा उतरला होता, ती पायरी चढताना माझ्या हाताला धरून चढली, आणि मला आनंद झाला. ती बसते आहे. दीड वर्षाने ती बसते आहे. वात उतरेल, संग्रामपूरच्या दवाखान्यात डॉक्टर गोळी देतील, आणि परत येताना ती परत मागेच बसेल, कारण तिथे ऑटो मिळाला तरी मी मिळू देणार नाही, हे सगळं मी गाडी सुरू करता करता ठरवून टाकलं.

वेस ओलांडली. मी बोलायला लागलो. आजवर ती बोलायची आणि मी ऐकायचो, त्या दिवशी उलट झालं. "दम लागते मले, तुमी बोला," असं तीच म्हणाली. मग मी कसला थांबतो! मिस्त्रींनी पोराच्या लग्नाला बोलावलं आहे, दोघं जाऊ. मुलीकडे अकोल्याला जाऊ, गाडीने नाही, एसटीने. दीड वर्षात तिच्याशी भांडताना जे जे गिळलं होतं तेही बोललो. ऑटोच्या मागे मागे मला काम असायचं म्हणून मी येत नव्हतो, हेही सांगून टाकलं. मागून ती "हं" म्हणत होती. इंजिनाचा आवाज, वारा, तरी मला ते ऐकू येत होतं. आरसा मिस्त्रींनी नवा लावला होता, पण मी आरशात पाहिलं नाही. रस्त्यावरच नजर ठेवली होती, कारण आज मला एकही चूक करायची नव्हती.

वाटेत तीन मोठी वळणं आहेत. तिन्ही मी हाताने घेतली. पाठ ताठ. तिसरं घेतल्यावर मी ओरडून म्हणालो, "पाह्यलं का? कललो का मी?"

तिने हं म्हटलं असं मी धरलं.

दवाखान्याच्या दारात गाडी नेऊन लावली. एक धक्का नाही, कुठे पाय टेकवला नाही, गाडी जिथे थांबवली तिथे उभी. मी चावी काढली आणि म्हटलं, "उतर वं." ती उतरली नाही. मी हसून म्हटलं, "काऊन, आता उतराचं मन होत नाही का?" आणि मग मागे वळलो.

ती नीट बसली होती. पाठ टेक्याला, दोन्ही हात पाइपांच्या आत, मान थोडी उजव्या अंगाला. सीट तिला व्यवस्थित धरून होती. दुचाकी असती तर ती माझ्या अंगावर कलंडली असती. आम्ही दोघंही पडलो असतो कदाचित, मला लागलं असतं, पण मला समजलं असतं. या गाडीने मला काहीही सांगितलं नाही. ती सरळ चालत राहिली.

आतून माणसं धावली, तिला स्ट्रेचरवर घेतलं. मी नकली पायाने मागे मागे गेलो. डॉक्टर तरुण होते, बराच वेळ त्यांनी तिची छाती दाबली. मला वाटतं त्यांना पहिल्या मिनिटालाच समजलं होतं, पण मी दारात उभा होतो म्हणून ते दाबत राहिले. जनावरांच्या गोठ्यात मीही असं केलं आहे, मालक उभा असला की. मग ते बाहेर आले आणि मला खुर्चीवर बसवलं.

"काका, त्या बोलायच्या केव्हा थांबल्या?" त्यांनी विचारलं. "साधारण. गाव सांगा, खूण सांगा, चालेल."

मी आठवायला लागलो. नाला, पहिलं वळण, संत्र्याची बाग, दुसरं वळण, पुलाचं काम चालू आहे ती जागा. प्रत्येक ठिकाणी मी काय बोललो ते मला अक्षरन् अक्षर आठवत होतं. तिचा शेवटचा हं कुठे होता, हे आठवेना. डॉक्टर पेन धरून थांबले होते. मी त्यांना म्हणालो, मला नाही सांगता येत. मीच बोलत होतो.